जंतुपरीक्षा : जवळ कीं दूर ?

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मूळचे एकाच घरचे. १९४९ सालीं जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत या विलीन संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा झाला. १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींतील महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळा. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी आणि जत यांचा उघडा माळ. आणि मध्यें कृष्णेचें सुपीक खोरें, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. मोठीं इस्पितळें बहुतेक या खोऱ्यांतच आहेत. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उभारलें, तेव्हांपासून त्या गांवाची वैद्यकाची पेठ म्हणून ख्याति आहे. तेथेंच १९६२ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. पुढें कऱ्हाडास आणि अलीकडे साताऱ्यासहि वैद्यकीय महाविद्यालयें झालीं. डोंगरांतील आणि माळावरील रोग्यास या गांवांची वाट धरावी लागते. आणि रोगी आला नाहीं तर त्याच्या रक्ताची, थुंकीची किंवा लघवीची बाटली तरी यावी लागते. या बाटलीच्या प्रवासाचा रोग्याच्या जिवाशीं किती निकटचा संबंध आहे, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गेल्या कांहीं दशकांत जगभर एक विचार बळावला आहे. गांवोगांवच्या इस्पितळांतून लहान लहान प्रयोगशाळा ठेवण्यापेक्षां एकच मोठी प्रयोगशाळा उभारावी, तींत उत्तम यंत्रें बसवावीं आणि सर्व इस्पितळांनीं आपले नमुने तेथें धाडावे, असा तो विचार. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यखात्यानें २०१७ सालीं देशांतील इस्पितळांच्या प्रयोगशाळा २९ जाळ्यांत गुंफण्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्रांतहि त्याच सालीं ‘महालॅब’ या नांवाची व्यवस्था उभी राहिली. आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत रोग्याचें रक्त घ्यावयाचें, तें गाडीनें नेमलेल्या प्रयोगशाळेंत न्यावयाचें आणि उत्तर संगणकावरून परत धाडावयाचें, अशी ती योजना असून तिचें काम एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीकडे सोपविण्यांत आलें. ज्या परीक्षांसाठीं पूर्वीं शहर गांठावें लागे आणि पदरचे पैसे मोजावे लागत, त्या खेड्यांतील माणसास विनामूल्य मिळूं लागल्या, ही गोष्ट लहान नव्हे.

प्रश्न उभा राहतो तो जंतुपरीक्षेचा. जंतुपरीक्षा आणि रक्तांतील साखरेची परीक्षा या एकाच छपराखालीं चालतात, म्हणून त्या एकाच जातीच्या आहेत असें वाटतें. तसें नाहीं. साखर मोजण्यासाठीं योग्य बाटलींत घेतलेलें रक्त कांहीं तास उशिरा पोंचलें, तर फारसें बिघडत नाहीं. जंतु हा जिवंत जीव आहे. तो बाटलींतहि वाढतो, उपाशी मरतो, थंडीनें गारठतो. मनुष्याच्या आंतड्यांत नेहमीं राहणारा जंतु अनुकूल उष्णतेंत सुमारें वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या हिशेबानें पांच तासांत एकाचे बत्तीस हजारांवर होतात. वैशाखाच्या उन्हांत लघवीची बाटली गाडींत तशीच पडून राहिली, तर बाहेरून चुकून पडलेले चार जंतुहि प्रयोगशाळेंत पोंचेपर्यंत सैन्य होऊन बसतात, आणि ज्याला मूत्ररोग मुळींच नाहीं त्याच्यावर औषधाचा मारा सुरू होतो. याच्या नेमकें उलट मेंदूज्वरांत पाठीच्या कण्यांतून काढलेल्या पाण्याचें आहे. त्यांतील कांहीं जंतु इतके नाजूक असतात कीं, पाणी बर्फांत ठेवल्यास ते मरून जातात. मग प्रयोगशाळा अगदीं प्रामाणिकपणें उत्तर देते, ‘जंतु वाढले नाहींत.’

तेव्हां लघवी थंड ठेवावयाची, कण्यांतील पाणी थंड ठेवावयाचें नाहीं. रक्तांतील जंतु वाढविण्यासाठीं भरलेली बाटलीहि थंड करावयाची नाहीं. उलट ती शक्यतों चार तासांच्या आंत उबदार पेटींत गेली पाहिजे. पटकीच्या रोग्याचा मल खास माध्यमांत घालून धाडावयाचा. अशा नाना प्रकृतीच्या नमुन्यांना एकाच गाडींत, एकाच पेटींत, एकाच वेळापत्रकानें प्रवास घडला, तर सर्वांस सारखी वागणूक मिळते हें खरें. पण ती सर्वांस मानवत नाहीं.

दूरच्या प्रयोगशाळेवर विसंबणें या प्रांतास नवें नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ उद्भवली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत तिच्यावरील लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्यें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाऊं लागली. सातारा जिल्ह्यास प्लेगनें पुढें अनेक वर्षें छळलें, आणि त्या संकटांत परळच्या लसीचाच आधार होता. लस दुरून येणें हें योग्यच होतें. कारण ती एके ठिकाणीं, कसोशीनें तयार करावी लागते आणि रोग येण्यापूर्वीं टोचावयाची असते. निदानाचें तसें नाहीं. निदान रोग आल्यावर करावयाचें असतें, आणि आलेला रोग गाडीची वाट पाहत थांबत नाहीं.

हा भेद देशास हिवतापानें शिकविला. १९५८ सालीं हिवतापाच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरोघर फिरणारा कर्मचारी तापाच्या रोग्याच्या बोटाचें रक्त कांचपट्टीवर घेई, आणि त्या पट्ट्या सुमारें दहा लाख वस्तीसाठीं नेमलेल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे जात. तेथें त्यांचे ढीग सांचूं लागले. पट्टीचें उत्तर परत येईपर्यंत रोगी शेतावर जाऊं लागलेला असे, आणि त्याच्या रक्तांतील हिवताप डांसांनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांत वांटलेला असे. १९७६ सालीं देशांत हिवतापाचे सुमारें चौसष्ट लाख रोगी नोंदले गेले. या पीछेहाटीस डीडीटीला न जुमानणारे डांस, फवारणीच्या औषधांची टंचाई अशीं अनेक कारणें होतीं. पण १९७७ च्या सुधारित योजनेनें जे बदल केले त्यांपैकीं एक मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखा आहे : रक्तपट्टीची परीक्षा मध्यवर्ती प्रयोगशाळेंतून काढून प्राथमिक आरोग्य केंद्रावर आणण्यांत आली. म्हणजे केंद्रीकरणाचा अनुभव घेऊन, त्याचे तोटे पाहून, या देशानें एकदां पाऊल मागें घेतलें आहे.

तरीहि केंद्रीकरणाची बाजू लंगडी आहे असें मानणें अन्यायाचें होईल. जंतुशास्त्राचे जाणते डॉक्टर थोडे आहेत. ते प्रत्येक तालुक्यास एक असे वांटतां येणार नाहींत. ज्या प्रयोगशाळेंत आठवड्यांतून दोन नमुने येतात, तेथील तंत्रज्ञाची नजर बसत नाहीं. जंतु वाढविण्याचें अन्न म्हणजे माध्यम शिळें होतें, औषधांच्या चकत्या निकामी होतात, आणि कोणतें औषध लागू पडेल याचें उत्तर चुकतें. चुकीचें उत्तर लवकर मिळण्यांत रोग्याचें कांहींच हित नाहीं. मोठ्या प्रयोगशाळेंत रक्ताच्या बाटल्यांवर यंत्र अहोरात्र पहारा ठेवतें आणि जंतु वाढूं लागतांच सूचना देतें. वाढलेला जंतु कोणत्या जातीचा हें कांहीं मिनिटांत सांगणारीं यंत्रेंहि आतां निघालीं आहेत. असें यंत्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयास घेऊन देणें कोणत्याहि सरकारास परवडणार नाहीं, आणि घेऊन दिलें तरी तें चालविणार कोण ? म्हणून कांहीं गोष्टी एकत्र आणणें अपरिहार्य आहे. वाद एवढाच कीं, कोणत्या गोष्टी ?

उदाहरणादाखल अशी कल्पना करावी. जत तालुक्याच्या सीमेवरील एका गांवांतील मुलास सायंकाळीं ताप भरला, मान ताठली, शुद्ध हरपूं लागली. जवळच्या रुग्णालयांतील डॉक्टरनें मेंदूज्वर ओळखून कण्यांतील पाणी काढलें आणि औषधाची पहिली सुई ताबडतोब टोचली. येथें उत्तराची वाट पाहत थांबणें हा गुन्हाच होय. पण पुढें काय ? जतहून मिरज सुमारें ऐंशी-नव्वद किलोमीटर. नमुने नेणारी गाडी दुपारींच गेलेली असेल, तर पाणी रात्रभर पडून राहील. दुसऱ्या दिवशीं तें पोंचेल, तेव्हां त्यांतील पेशी फुटलेल्या असतील आणि जंतु मेलेले असतील. हेंच पाणी तेथल्या तेथें कांचपट्टीवर पसरून, ग्रामच्या रीतीनें रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतें, तर अर्ध्या तासांत एवढें तरी कळलें असतें कीं पाण्यांत पू आहे कीं नाहीं, आणि जंतु दिसतात ते निळे गोल आहेत कीं तांबडे दांडके. डॉक्टरचें औषध योग्य दिशेनें चाललें आहे कीं नाहीं हें ठरविण्यास तेवढें पुष्कळदां पुरतें. या परीक्षेस लाखांचें यंत्र लागत नाहीं. दोन-तीन रंग, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि शिकलेला मनुष्य लागतो. पण प्रयोगशाळा दूर गेली कीं यंत्राबरोबर हा मनुष्यहि जातो, आणि रंगांच्या बाटल्या कपाटांत वाळून जातात.

पश्चिमेस निराळीच अडचण. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या कांठावरील कित्येक गांवांना तापोळा किंवा बामणोली गांठावयास लांचेनें यावें लागतें. आषाढ-श्रावणांत तेथील वाऱ्यापावसांत माणसाचा प्रवास कठीण, तेथें बाटलीचा काय पाड ? खोऱ्यांतले रस्ते तरी भरंवशाचे आहेत काय ? २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, शहराचा मोठा भाग पाण्याखालीं होता, आणि पुणें-बेंगळूर हमरस्ता कोल्हापुराजवळ कित्येक दिवस बंद पडला. २०२१ च्या जुलैंत पुन्हां महापूर आला आणि पाटण तालुक्यांत दरडी कोसळल्या. पुराच्या पाठोपाठच अतिसार, कावीळ, लेप्टोस्पायरोसिस यांचें भय असतें. म्हणजे ज्या आठवड्यांत जंतुपरीक्षेची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच आठवड्यांत रस्ता तुटतो. ज्या व्यवस्थेचा सर्व भार एका गाडीवर आहे, तिचा कस सुकाळांत नव्हे, अशा दिवसांत लागतो.

वेळ केवळ रस्त्यावरच जातो असेंहि नाहीं. मोठी प्रयोगशाळा घाऊक रीतीनें काम करते. डेंग्यूच्या एका परीक्षेच्या तबकडींत शहाण्णव खोबण्या असतात; पुरेसे नमुने जमल्यावांचून ती तबकडी वापरणें उधळपट्टीचें ठरतें. म्हणून नमुना पोंचला तरी दुसऱ्यांची वाट पाहतो. उत्तर तयार झाल्यावरहि तें कोणाच्या तरी डोळ्यांखालून जावें लागतें. शनिवारीं रात्रीं संगणकावर उमटलेलें उत्तर सोमवारीं सकाळीं वाचलें गेलें, तर प्रयोगशाळेच्या वहींत तें वेळेवर दिलेलें असतें. रोग्याच्या लेखीं तें दोन दिवस उशिराचें असतें. म्हणून प्रयोगशाळेची तत्परता मोजावयाची तर ती नमुना तिच्या दारांत आल्यापासून मोजून चालणार नाहीं. रोग्याच्या अंगांतून नमुना निघाला त्या क्षणापासून औषध बदललें गेलें त्या क्षणापर्यंत मोजली पाहिजे.

याहून सूक्ष्म हानि आणखी एक आहे. इस्पितळांतच प्रयोगशाळा असली म्हणजे डॉक्टर आणि जंतुशास्त्रज्ञ यांची जिन्यांत, चहाच्या वेळीं, रोग्याच्या खाटेजवळ गांठ पडते. ‘काल धाडलेला पू कोणत्या जागेचा ?’, ‘रोग्यास आधीं कोणतें औषध दिलें होतें ?’, ‘या थुंकींत तर नुसती लाळ आहे, दुसरी पाठवा,’ असें बोलणें होतें. या बोलण्यानें जितकीं निदानें सुधारतात तितकीं क्वचितच एखाद्या यंत्रानें सुधारत असतील. दूरच्या प्रयोगशाळेकडे रोग्याची हकीकत जात नाहीं. पट्टीवरील अंक जातो. शिवाय एकाच गल्लींतील तीन रोग्यांच्या मलांत पटकीचे जंतु एकाच दिवशीं दिसले, तर गांवच्या तंत्रज्ञाच्या तें तेव्हांच ध्यानांत येतें आणि तो आरोग्य अधिकाऱ्यास कळवितो. हजारों बाटल्यांच्या गर्दींत ते तीन नमुने तीन निरनिराळ्या टेबलांवर जाऊं शकतात. संगणकास नीट शिकविलें असेल, तरच तो त्यांचें नातें ओळखतो.

आणि सर्वांत वाईट परिणाम असा कीं, उत्तर वारंवार उशिरा येऊं लागलें म्हणजे डॉक्टर प्रश्न विचारणेंच सोडून देतो. रोगी बरा होऊन घरीं गेल्यावर, किंवा त्याची राख नदींत पडल्यावर येणाऱ्या कागदासाठीं कोण नमुना धाडील ? मग डॉक्टर अंदाजानें भारी औषध देतो, कारण त्यांत सर्व जंतु सांपडतील अशी त्याची आशा असते. असें हजारों ठिकाणीं घडलें म्हणजे जंतु त्या औषधांना सरावतात, आणि एके काळीं हुकमी असलेलीं औषधें निष्प्रभ होतात. आज साऱ्या जगाच्या वैद्यकास जी मोठी चिंता लागली आहे ती हीच. तिचें एक मूळ न आलेल्या उत्तरांत आहे.

२०२० सालच्या करोनाच्या साथीनें हा सर्व प्रश्न या दोन जिल्ह्यांच्या दारांत आणून उभा केला. मार्चच्या २३ तारखेस वाळवें तालुक्यांतील तेव्हांच्या इस्लामपुरांत, परदेशांतून परतलेल्या एकाच कुटुंबांतील चार जणांस लागण झाल्याचें उघड झालें; आठवड्याभरांत त्यांच्या निकटच्या मंडळींसह ही संख्या पंचविसाच्या घरांत गेली. त्या दिवसांत या भागांतील नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जात. १९५२ सालीं स्थापन झालेली ती संस्था देशांत अग्रगण्य. तिच्या ज्ञानाविषयीं शंका नव्हती. पण सांगलीपासून पुणें सुमारें सवादोनशें किलोमीटर, आणि उत्तर येईपर्यंत कोणास घरीं सोडावें, कोणास वेगळें ठेवावें, हें ठरत नव्हतें. पुढें मिरजेच्या शासकीय महाविद्यालयांत आणि कऱ्हाडासहि त्याच वर्षीं ही परीक्षा होऊं लागली. देशभर हेंच घडलें : वर्षाच्या आरंभीं ही परीक्षा एकट्या पुण्यांत होई, वर्ष सरतां सरतां ती करणाऱ्या प्रयोगशाळा दोन हजारांवर गेल्या होत्या. पुण्याच्या संस्थेचें महत्त्व त्यामुळें कमी झालें नाहीं. ती इतरांना शिकवूं लागली, त्यांचीं उत्तरें पडताळूं लागली, विषाणूच्या बदलत्या रूपाचा शोध घेऊं लागली. केंद्राचें खरें काम तेंच होय.

हीच रीत क्षयाच्या कार्यक्रमानें फार पूर्वीं अंगीकारली होती. १९९७ पासून सुरू झालेल्या सुधारित कार्यक्रमांत सामान्यतः एक लाख वस्तीस, आणि डोंगरी भागांत पन्नास हजारांस, थुंकी तपासण्याचें एक केंद्र असा दंडक ठेवला गेला. पट्टी जवळच वाचावयाची. पण वाचलेल्या पट्ट्यांतील कांहीं पट्ट्या पहिलें उत्तर न पाहतां दुसऱ्या जाणत्यानें पुन्हां वाचावयाच्या, आणि त्या जाणत्याचीहि परीक्षा राज्याच्या प्रयोगशाळेनें घ्यावयाची. परीक्षा गांवांत, परीक्षकाची परीक्षा केंद्रांत, अशी ही विभागणी. पुढें सुमारें दोन तासांत क्षयाचा जंतु आणि रिफॅम्पिसिन या औषधास त्याचा विरोध, दोन्ही सांगणारें यंत्र आलें. तें जिल्ह्याच्या गांवीं व मोठ्या रुग्णालयांत बसलें. त्यानंतर गोव्याच्या एका कंपनीनें तयार केलेलें, विजेरीवर चालणारें ‘ट्रूनॅट’ यंत्र निघालें. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास मान्यता दिली, आणि तें प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेतां येतें. क्षयाच्या जंतूंची वाढ करून सर्व औषधांची परीक्षा मात्र अनेक आठवडे चालते आणि तिला विशेष बंदिस्त, सुरक्षित खोली लागते. ती पुण्यासारख्या ठिकाणींच शोभते. ज्या परीक्षेचें उत्तर सहा आठवड्यांनीं यावयाचें, तिचा नमुना एक दिवस प्रवास करूं शकतो, मात्र तो नीट जपून नेला पाहिजे. ज्या उत्तराची गरज अर्ध्या तासांत आहे, तिचा नमुना प्रवास करूं शकत नाहीं.

साताऱ्या-सांगलीस हाच न्याय लावला तर वाट पुष्कळशी स्पष्ट होते. रंगविलेली कांचपट्टी, हिवतापाचें रक्त, क्षयाची थुंकी, पटकीच्या ताज्या मलाची पाहणी या परीक्षा तालुक्याच्या रुग्णालयांतच, दिवसा आणि रात्रींहि, झाल्या पाहिजेत. रक्ताच्या बाटल्यांसाठीं लहानशी उबदार पेटी तेथेंच असावी, म्हणजे गाडी येईपर्यंतचा काळ वायां जाणार नाहीं. जंतूंची वाढ, त्यांची ओळख आणि औषधांची निवड मिरज, कऱ्हाड, सातारा येथील मोठ्या प्रयोगशाळांनीं करावी. दुर्मिळ जंतु आणि विषाणु यांचा शोध पुण्यानें घ्यावा. मोठ्या प्रयोगशाळेंतील जंतुशास्त्रज्ञानें तालुक्याच्या डॉक्टरांशीं रोज ठराविक वेळीं दूरध्वनीवर बोलावें, आणि रक्तांत जंतु आढळल्याची बातमी संगणकावर ठेवून न थांबतां त्याच क्षणीं तोंडी कळवावी. प्रत्येक तालुक्यांत कोणते जंतु कोणत्या औषधास दाद देत नाहींत याचा तक्ता निराळा ठेवून वर्षांतून एकदां तेथें परत धाडावा. कारण शिराळ्याच्या रोग्यास साऱ्या राज्याच्या सरासरीचा उपयोग थोडा.

या योजनेस खर्च लागेल. पण जो खर्च वाचला असें केंद्रीकरणाच्या हिशेबांत दाखविलें जातें, तो पुष्कळदां दुसऱ्या वहींत जमा होतो : वायां गेलेल्या भारी औषधांत, लांबलेल्या मुक्कामांत, आणि मिळवता मनुष्य गमावलेल्या घरांत. प्रयोगशाळेची जागा ठरवितांना या दोन्ही वह्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या पाहिजेत. यंत्रें एकत्र आणावीं, विद्वत्ता एकत्र आणावी. परंतु रोग्याच्या उशापासून पहिलें उत्तर किती अंतरावर आहे, हा प्रश्न प्रत्येक तालुक्यानें आपल्या प्रतिनिधींस आणि अधिकाऱ्यांस विचारीत राहिलें पाहिजे.